परकीय गुप्तचर अधिकाऱ्यांवरील सायबर आरोपपत्रे

एखाद्या देशाच्या फौजदारी यंत्रणेने दुसऱ्या देशाच्या गुप्तचर अथवा लष्करी सेवेतील व्यक्तींवर, त्यांनी सरकारी कामाचा भाग म्हणून केलेल्या संगणक-घुसखोरीबद्दल नावानिशी ठेवलेल्या गुन्हेगारी आरोपांना परकीय गुप्तचर अधिकाऱ्यांवरील सायबर आरोपपत्रे असे म्हणता येते. २०१४ पासून ही पद्धत मुख्यतः अमेरिकेच्या न्यायखात्याने रूढ केली. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे १३ जुलै २०१८ रोजी जाहीर झालेले आरोपपत्र. २०१६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत संगणक-घुसखोरी करून हस्तक्षेप केल्याचा आरोप त्यात रशियाच्या जीआरयू या लष्करी गुप्तचर संस्थेच्या बारा अधिकाऱ्यांवर ठेवण्यात आला.

महाराष्ट्राचा या विषयाशी थेट संबंध आला तो त्यानंतर महिन्याभरातच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये संगणकाद्वारे लुटले गेले आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने या लुटीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. एका प्रकरणात लक्ष्य मतदार होता, दुसऱ्यात पैसा. न्यायदानातील अडचण मात्र दोन्हीकडे एकच आहे. ज्यांनी कट रचला ते न्यायालयासमोर येत नाहीत. ज्यांनी त्यांची हलकी कामे केली तेवढेच हाती लागतात. अशा आरोपपत्रांचा उपयोग काय, हा प्रश्न त्यातून निर्माण होतो.

'आरोपपत्र' या शब्दाविषयी

भारतात तपास पूर्ण झाल्यावर पोलीस न्यायालयात जे सादर करतात त्याला आपण आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र म्हणतो. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायव्यवस्थेत गंभीर गुन्ह्यांबाबत ही रीत निराळी आहे. तेथे सरकारी वकील आपला पुरावा १६ ते २३ सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे ठेवतात. या मंडळाला ग्रँड ज्युरी म्हणतात. त्यातील किमान १२ जणांना खटला चालविण्याइतका आधार दिसला तरच आरोपपत्र निघते. हे कामकाज बंद दाराआड चालते आणि त्यात आरोपीची बाजू ऐकली जात नाही. म्हणून आरोपपत्र कितीही तपशीलवार असले तरी तो निकाल नव्हे. वृत्तपत्रांतून 'अमेरिकेने दोषी ठरविले' असा मजकूर अशा वेळी सर्रास छापला जातो. तो चुकीचा आहे.

पूर्वपीठिका

हेरगिरी ही राज्यकारभाराइतकीच जुनी आहे. हेर सापडला तर त्याला देशाबाहेर घालवावे किंवा आपल्या हेराच्या बदल्यात परत द्यावे, असा संकेत देशोदेशी पाळला जाई. परक्या देशात बसलेल्या हेरावर आपल्या न्यायालयात गुन्हा नोंदवण्याचा विचार फारसा होत नसे, कारण तो हाती लागण्याची शक्यताच नव्हती. संगणकाने ही स्थिती बदलली. आता हेराला सीमा ओलांडावी लागत नाही. त्यामुळे तो पकडला जात नाही, पण त्याच्या वावराच्या खुणा मात्र लक्ष्य झालेल्या देशातील संगणकांत राहतात.

१९ मे २०१४ रोजी अमेरिकेने चिनी लष्कराच्या ६१३९८ क्रमांकाच्या तुकडीतील पाच अधिकाऱ्यांवर पिट्सबर्ग येथे आरोप ठेवले. वेस्टिंगहाउस, यूएस स्टील, अल्कोआ यांसारख्या कंपन्यांची व्यापारी गुपिते चोरल्याचा तो आरोप होता. त्या पाचांपैकी कोणीही न्यायालयासमोर आले नाही. मार्च २०१७ मध्ये याहू कंपनीच्या सुमारे ५० कोटी खात्यांच्या चोरीप्रकरणी रशियाच्या एफएसबी या संस्थेच्या दोन अधिकाऱ्यांवर आरोप झाले. त्या प्रकरणात शिक्षा झाली ती त्यांच्यासाठी पैसे घेऊन काम करणाऱ्या, कॅनडात राहणाऱ्या करीम बारातोव्ह या तरुणाला. त्याला पाच वर्षांचा तुरुंगवास ठोठावण्यात आला. अधिकारी रशियातच राहिले.

१३ जुलै २०१८चे आरोपपत्र

मे २०१७ मध्ये विशेष वकील म्हणून नेमले गेलेले रॉबर्ट म्युलर यांच्या तपासातून हे आरोपपत्र तयार झाले. उपमहान्यायवादी रॉड रोझेनस्टाइन यांनी ते वॉशिंग्टन येथे जाहीर केले. त्यात एकूण ११ आरोप आहेत. पहिला संगणक-घुसखोरीच्या कटाचा, पुढील आठ ओळखचोरीचे, दहावा बेकायदा पैशाच्या व्यवहाराचा आणि अकरावा राज्यांच्या निवडणूक यंत्रणांत शिरण्याच्या कटाचा.

आरोपी जीआरयूच्या दोन तुकड्यांतील होते. २६१६५ क्रमांकाच्या तुकडीचे प्रमुख व्हिक्टर नेतिक्शो, तर ७४४५५ क्रमांकाच्या तुकडीचे प्रमुख अलेक्सांद्र ओसादचुक. पहिल्या तुकडीचा पत्ता मॉस्कोतील कोम्सोमोल्स्की मार्गावरील इमारत क्रमांक २० असा दिला आहे, तर दुसरीचे ठिकाण मॉस्कोलगतच्या खिम्की येथील किरोव्ह मार्गावरील, 'मनोरा' या नावाने ओळखली जाणारी इमारत. स्थूलमानाने पहिली तुकडी माहिती चोरी आणि दुसरी ती प्रसिद्ध करी. कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या दिवशी कोणते काम केले, हे आरोपपत्र व्यक्तिवार सांगते. या दस्तऐवजाचे खरे वजन त्यातच आहे.

चोरीचा आरंभ अत्यंत साध्या युक्तीने झाला. १९ मार्च २०१६ रोजी हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना एक ईमेल आला. गूगलकडून आलेल्या सुरक्षासूचनेसारखे त्याचे रूप होते. परवलीचा शब्द बदलण्यासाठी दिलेल्या दुव्यावरून ते बनावट पानावर गेले आणि ५०,००० पेक्षा अधिक ईमेल आरोपींच्या हाती लागले. या प्रकाराला इंग्रजीत जे नाव आहे ते मासेमारीवरून आलेले आहे. अनेकांसाठी गळ टाकून बसणे वेगळे आणि एकच मासा हेरून त्यावर भाला मारणे वेगळे. येथे दुसरा प्रकार होता.

एप्रिलमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या संसदीय प्रचार समितीच्या एका कर्मचाऱ्याचा परवलीचा शब्द अशाच रीतीने मिळवून आरोपी समितीच्या संगणकजालात शिरले. तेथे त्यांनी 'एक्स-एजंट' नावाची घातक आज्ञावली बसवली. कर्मचारी कळफलकावर जे टंकित करी ते आणि त्याच्या पडद्यावर जे दिसे ते, दोन्ही ही आज्ञावली टिपून घेई. एका कर्मचाऱ्याचे काम अशा प्रकारे सुमारे आठ तास पाहिले गेल्याची नोंद आरोपपत्रात आहे. टिपलेली माहिती अमेरिकेतच ॲरिझोना राज्यात भाड्याने घेतलेल्या संगणकाकडे जाई. समितीच्या जालातून वाट काढून आरोपी पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या जालात पोहोचले आणि जूनपर्यंत तेथील सुमारे ३३ संगणक त्यांच्या आवाक्यात आले.

चोरलेली माहिती प्रसिद्ध करण्यासाठी ८ जून २०१६ रोजी 'डीसीलीक्स' हे संकेतस्थळ सुरू झाले. रशियाचा हात असल्याचे १४ जूनला उघड होताच दुसऱ्याच दिवशी 'गुसिफर २.०' हे पात्र अवतरले. आपण एकटेच काम करणारे रुमानियन घुसखोर आहोत, असा त्याचा दावा होता. आरोपपत्रातील सर्वांत बोलका तपशील या दिवसाचा आहे. मॉस्कोच्या घड्याळाप्रमाणे दुपारी ४ वाजून १९ मिनिटे ते ४ वाजून ५६ मिनिटे या वेळात ७४४५५ तुकडीच्या संगणकावरून काही इंग्रजी शब्दसमूहांचा महाजालावर शोध घेतला गेला. ते शब्द बरोबर आहेत की नाहीत, हे बहुधा कोणी तपासत असावे. सायंकाळी ७ वाजून २ मिनिटांनी त्या तथाकथित रुमानियन व्यक्तीचे पहिले लेखन प्रसिद्ध झाले. त्यात नेमके तेच शब्दसमूह होते. परक्या भाषेत लिहिणारा माणूस शब्दकोश उघडतो, तसा हा प्रकार. तो शोध नोंदला जाईल याचे भान मात्र लिहिणाऱ्याला राहिले नाही.

पैशाचा मागही असाच सापडला. संगणक व नावे भाड्याने घेण्यासाठी आरोपींनी ९५,००० डॉलरहून अधिक मूल्याचे व्यवहार मुख्यतः बिटकॉइनमध्ये केले. बिटकॉइनमध्ये नाव उघड होत नाही, पण प्रत्येक व्यवहार सार्वजनिक खातेवहीत कायमचा नोंदला जातो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी आरोपींच्या एका ईमेल खात्यात ०.०२६०४३ बिटकॉइन एका ठरावीक पत्त्यावर पाठवण्याची सूचना आली. त्यानंतर लगेच नेमक्या तेवढ्याच रकमेचा व्यवहार त्या खातेवहीत उमटला. सहा दशांश स्थळांपर्यंतचा हा आकडा ईमेल आणि व्यवहार एकमेकांना बांधून टाकतो. लपण्यासाठी निवडलेले साधनच साक्षीदार ठरले.

२२ जुलै २०१६ रोजी, पक्षाच्या अधिवेशनाला तीन दिवस उरले असताना, २०,००० हून अधिक ईमेल विकिलीक्सने प्रसिद्ध केले. आरोपपत्र तिला नाव न घेता 'संघटना १' म्हणते. पोडेस्टा यांचे ईमेल ७ ऑक्टोबरपासून मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत हप्त्याहप्त्याने बाहेर येत राहिले.

मतमोजणी नव्हे, मतदार

निकालात फेरफार झाल्याचा किंवा एकही मत बदलल्याचा आरोप या दस्तऐवजात कोठेही नाही. रोझेनस्टाइन यांनीही ते त्याच दिवशी स्पष्ट केले. निवडणूक यंत्रणेसंबंधी जो आरोप आहे तो मतदारयाद्यांचा आहे. जुलै २०१६ मध्ये अनातोली कोव्हालेव्ह व त्यांच्या साथीदारांनी एका राज्याच्या निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळातून सुमारे ५ लाख मतदारांची माहिती चोरली. हे राज्य इलिनॉय असल्याचे पुढे स्पष्ट झाले. त्यानंतर मतदारयाद्या तपासण्याची आज्ञावली पुरवणाऱ्या एका कंपनीत ते शिरले. नोव्हेंबरमध्ये त्याच कंपनीच्या नावाने फ्लोरिडातील निवडणूक अधिकाऱ्यांना शंभराहून अधिक बनावट ईमेल पाठवले गेले.

भारतातील चर्चेच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे निवडणूक आणि संगणक हे दोन शब्द एकत्र आले की वाद थेट मतदानयंत्रावर येतो. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईतील जुन्या कस्टम हाउसमधून नेलेल्या यंत्रावर सुरक्षा-प्रयोग केल्याच्या प्रकरणात हरी प्रसाद या हैदराबादच्या संगणकतज्ज्ञाला अटक झाली होती. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातील मतदानयंत्रे आपण फोडू शकतो, असा दावा करणाऱ्या परदेशस्थ व्यक्तीविरुद्ध मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. निवडणूक यंत्रणेने तो दावा खोटा व निराधार ठरवला. ही यंत्रे कोणत्याही जालाशी जोडलेली नसतात, अशी निवडणूक आयोगाची भूमिका आहे. सर्व मतपावत्यांची शंभर टक्के पडताळणी करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली.

२०१६च्या पद्धतीच्या हल्ल्याला यंत्राची गरजच नसते. पक्ष कार्यालयाचा ईमेल, प्रचारप्रमुखाचा दूरध्वनी, उमेदवाराच्या जनसंपर्क कंपनीचा संगणक, मतदारयादीचे काम घेतलेला खासगी पुरवठादार, हे सगळे जालाशी जोडलेलेच असतात. यांपैकी बहुतेक गोष्टी निवडणूक आयोगाच्या थेट ताब्यात नाहीत. यंत्रावरील वाद जितका मोठ्या आवाजात चालतो, तितके या बाजूकडे दुर्लक्ष होते, असे म्हणावे लागते.

हेलसिंकी आणि नंतर

आरोपपत्र जाहीर झाल्यानंतर तीनच दिवसांनी, १६ जुलै २०१८ रोजी, डोनाल्ड ट्रम्प आणि व्लादिमिर पुतिन यांची हेलसिंकी येथे भेट झाली. पुतिन यांनी आरोप नाकारले, पण एक प्रस्तावही ठेवला. म्युलर यांच्या लोकांनी रशियात येऊन या बारा जणांच्या चौकशीला हजर राहावे आणि बदल्यात रशियाला हव्या असलेल्या काही व्यक्तींची चौकशी करू द्यावी, असा तो होता. या दुसऱ्या यादीत मॉस्कोतील माजी अमेरिकी राजदूत मायकेल मॅकफॉल यांचे नाव आले. अमेरिकी सिनेटने १९ जुलै रोजी ९८ विरुद्ध ० मतांनी अशा देवघेवीला विरोध नोंदवला.

बारापैकी एकालाही अटक झालेली नाही. रशियन राज्यघटना आपल्या नागरिकाला परदेशाच्या स्वाधीन करण्यास मनाई करते. दुसरीकडे अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयात आरोपी आरंभापासून गैरहजर असेल तर खटला सुरूच होऊ शकत नाही. १९९३च्या क्रॉस्बी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे पुरावा कधी तपासला जात नाही आणि आरोप सिद्धही होत नाहीत किंवा खोटेही ठरत नाहीत.

खटला खरोखर उभा राहिला तर काय होते, हे कॉन्कॉर्ड कंपनीच्या प्रकरणात दिसले. समाजमाध्यमांतून निवडणुकीत हस्तक्षेप केल्याबद्दल फेब्रुवारी २०१८ मध्ये १३ रशियन व्यक्ती व ३ संस्थांवर निराळे आरोपपत्र निघाले होते. त्यातील कॉन्कॉर्ड या कंपनीने अनपेक्षितपणे अमेरिकी वकील उभे केले आणि आरोपी म्हणून आपल्याला सर्व पुरावा दाखवावा, अशी मागणी केली. कंपनीचे जबाबदार लोक स्वतः न्यायालयाच्या कक्षेत येत नाहीत, मात्र गोपनीय माहिती मिळवू पाहतात, असे कारण देऊन सरकारने मार्च २०२० मध्ये तिच्यावरील खटला मागे घेतला. ही या पद्धतीची मोठी उणीव आहे. आरोप जाहीर करण्यास सरकार तयार असते, पण ते सिद्ध करण्याची वेळ आली की पुराव्याचा उगम उघड करणे त्याला परवडत नाही.

असे असूनही ही आरोपपत्रे निव्वळ कागदी आहेत असे म्हणता येत नाही. बारांपैकी इव्हान येर्माकॉव्ह यांचे पुढचे चरित्र पाहावे. ऑक्टोबर २०१८ मध्ये क्रीडाक्षेत्रातील उत्तेजकविरोधी संस्थांवरील हल्ल्यांबद्दल त्यांच्यावर पुन्हा आरोप झाले. पुढे ते व्लादिस्लाव क्लयुशिन यांच्या मॉस्कोतील कंपनीत काम करीत असल्याचे आढळले. अमेरिकी कंपन्यांचे आर्थिक निकाल जाहीर होण्याआधीच चोरून शेअर बाजारात कोट्यवधी डॉलर कमावल्याचा आरोप या दोघांवर व इतरांवर झाला. क्लयुशिन मार्च २०२१ मध्ये सहलीसाठी स्वित्झर्लंडला गेले आणि तेथे पकडले गेले. बोस्टनच्या न्यायालयाने त्यांना सप्टेंबर २०२३ मध्ये ९ वर्षांची शिक्षा दिली. १ ऑगस्ट २०२४च्या कैदी-अदलाबदलीत ते रशियाला परतले. येर्माकॉव्ह रशियाबाहेर आलेच नाहीत. आरोपपत्राचा प्रत्यक्ष परिणाम असा असतो: आरोपीचे जग आपल्या देशापुरते आक्रसते, आणि एखादा निष्काळजी सहकारी सापडतो.

पुणे, ऑगस्ट २०१८

कॉसमॉस ही १९०६ मध्ये स्थापन झालेली पुण्यातील जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी दुपारी ३ ते रात्री १० या वेळात २८ देशांतील एटीएममधून बँकेच्या व्हिसा कार्डांच्या नकली प्रतींनी सुमारे १२,००० व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात रुपे कार्डांच्या २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणा असलेल्या स्विफ्टचा गैरवापर करून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील हँग सेंग बँकेतील एका कंपनीच्या खात्यात वळवले गेले. अशा प्रकारे एटीएममधून एकाच वेळी लूट होण्याचा धोका असल्याचा गोपनीय इशारा एफबीआयने आदल्याच दिवशी जगभरातील बँकांना दिला होता.

ही लूट समजण्यासाठी एटीएमचे काम कसे चालते ते थोडक्यात पाहावे लागेल. ग्राहकाने कार्ड घातले की त्याची विचारणा बँकेच्या 'स्विच' नावाच्या मध्यस्थ संगणकाकडे जाते. स्विच ती बँकेच्या मुख्य खातेप्रणालीकडे पाठवतो, शिल्लक पाहिली जाते आणि मग होकार येतो. घुसखोरांनी या स्विचच्या जागी स्वतःचा नकली स्विच उभा केला. विचारणा मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती. नकली स्विच प्रत्येक वेळी परस्पर होकार देत होता. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही, तोटा बँकेचा झाला. रखवालदाराला न फोडता दारावर आपलाच रखवालदार बसवावा, असा हा प्रकार.

चतुःश्रृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि पुणे पोलिसांनी विशेष तपास पथक नेमले. कोल्हापूर, मुंबई आणि अन्यत्र नकली कार्डे घेऊन एटीएमपुढे उभे राहिलेले लोक हळूहळू सापडत गेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. त्यांपैकी ९ जणांना ४ वर्षांची आणि दोघांना ३ वर्षांची शिक्षा झाली. ही शिक्षा झालेली माणसे कटाच्या अगदी खालच्या पायरीवरची होती. नकली स्विच कोणी उभारला हा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर दुसरीकडून आले. मार्च २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या उत्तर कोरियाविषयक तज्ज्ञ मंडळाने आपल्या अहवालात कॉसमॉसवरील हल्ल्याचा समावेश उत्तर कोरियाच्या कारवायांत केला. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेने लॉस एंजेलिस येथील आरोपपत्र खुले केले. त्यात जॉन चांग ह्योक, किम इल आणि पार्क जिन ह्योक या, उत्तर कोरियाच्या लष्करी गुप्तचर विभागातील तिघांवर १३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरण्याचा व उकळण्याचा कट केल्याचा आरोप आहे. सोनी पिक्चर्सवरील २०१४चा हल्ला, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून २०१६ मध्ये झालेली ८ कोटी १० लाख डॉलरची चोरी आणि २०१७चा 'वॉनाक्राय' हल्ला त्यातच येतो. पार्क यांच्यावर २०१८ मध्येच आरोप झाले होते. अशी व्यक्तीच अस्तित्वात नाही, असे उत्तर कोरियाने तेव्हा म्हटले.

त्याच दिवशी कॅनडाचा नागरिक गालेब अलाउमरी याने गुन्ह्याची कबुली दिल्याचे जाहीर झाले. या टोळीसाठी एटीएममधून पैसे काढणारी माणसे जमवणे आणि लुटीचा पैसा फिरवणे हे त्याचे काम. ज्या लुटींत त्याचा हात होता त्यांच्या यादीत अमेरिकी न्यायखात्याने 'भारतातील एक बँक, २०१८' असा उल्लेख केला. बँकेचे नाव दिले नाही, पण वर्ष आणि पद्धत पाहता रोख उघड आहे. त्याला १४० महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे पुण्यातील एका लुटीचे तीन तुकडे तीन ठिकाणी विखुरले: रोकड काढणारे पुण्याच्या न्यायालयात, पैसा फिरवणारा अमेरिकेच्या तुरुंगात आणि कट रचल्याचा आरोप असलेले केवळ लॉस एंजेलिसच्या कागदपत्रांत. तोटा पुण्याचा, सूत्रधारांची नावे मात्र दुसऱ्या देशाच्या दप्तरी.

मुंबईतील वीजखंड

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसराची वीज काही तास गेली. लोकल गाड्या थांबल्या. पुढे २८ फेब्रुवारी २०२१ रोजी रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीने भारताच्या वीजजालात चिनी गटाचा शिरकाव असल्याचा अहवाल दिला. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालातून दिसते, असे सांगितले. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र वीजखंडाचे कारण मानवी चूक असल्याचे म्हटले. चीनने आरोप फेटाळले. राज्य एक म्हणते, केंद्र दुसरे म्हणते आणि नागरिकाला कोणावर विश्वास ठेवावा हे कळत नाही. तारीखवार तपशील देणाऱ्या आरोपपत्राचे मोल अशा वेळी लक्षात येते. ते एकतर्फी असते, पण त्यातील प्रत्येक विधान तपासता व खोडता येते. पत्रकार परिषदेतील विधानाचे तसे नसते.

भारतीय कायदा

परदेशातून होणाऱ्या घुसखोरीवर गुन्हा नोंदवण्याची तरतूद भारतात आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याचे कलम ७५ असे सांगते की, कृत्य भारताबाहेर झाले तरी त्यात भारतातील संगणक वा संगणकजाल गुंतलेले असेल तर, करणारा कोणत्याही राष्ट्राचा असो, हा कायदा लागू होतो. कलम ६६-फ सायबर दहशतवादासाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा देते. अडचण कलमांची नाही. आरोपी मिळण्याची आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने एक नवी वाट उघडली आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९९ नुसार फरारी आरोपीच्या गैरहजेरीत साक्षीपुरावा फक्त नोंदवून ठेवता येत असे. नव्या संहितेच्या कलम ३५६ नुसार उद्घोषित अपराध्याचा खटला त्याच्या गैरहजेरीत चालवून निकालही देता येतो. वॉरंट, जाहीर सूचना आणि आरोप निश्चितीनंतर ९० दिवसांचा अवधी अशा अटी त्याला आहेत. अमेरिकेत जे शक्य नाही ते येथे कागदावर शक्य झाले आहे. मात्र ही तरतूद खटला चुकवण्यासाठी पळालेल्या माणसासाठी आहे. जो परकीय सैनिक भारतात कधी आलाच नाही, आपल्या कचेरीतील खुर्चीवरून उठलाच नाही, त्याला 'फरारी' म्हणता येईल काय? शिवाय आपल्या सरकारच्या आज्ञेने केलेल्या कृत्याबद्दल परदेशी न्यायालय अधिकाऱ्याला वैयक्तिकरीत्या जबाबदार धरू शकते की नाही, याविषयी आंतरराष्ट्रीय कायद्यातही एकमत नाही.

प्रथेचा प्रसार

ऑक्टोबर २०२० मध्ये ७४४५५ तुकडीच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप झाले. त्यांत कोव्हालेव्ह पुन्हा होते. फ्रान्सच्या २०१७च्या निवडणुकीत इमॅन्युएल माक्राँ यांच्या पक्षावर झालेला हल्ला आणि युक्रेनच्या वीजजालावरील हल्ले हे त्यातील मुख्य विषय. या सहा जणांविषयी माहिती देणाऱ्यास १ कोटी डॉलरपर्यंत बक्षीस पुढे जाहीर झाले. जर्मनीने २०२० मध्ये आपल्या संसदेवरील २०१५च्या हल्ल्याबद्दल दिमित्री बादिन यांच्यावर अटक वॉरंट काढले. तेही २०१८च्या बारांपैकीच. सप्टेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेतील माहिती चोरल्याबद्दल इराणच्या क्रांतिरक्षक दलाशी संबंधित तिघांवर अमेरिकेत आरोप ठेवले गेले. या वेळी लक्ष्य झालेला पक्ष रिपब्लिकन होता, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे; कारण २०१८चे आरोपपत्र हे केवळ पक्षीय राजकारण असल्याची टीका तोवर सातत्याने होत असे.

अमेरिका स्वतःही परदेशी नेत्यांचे दूरध्वनी ऐकते, हे एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये उघड केलेल्या कागदपत्रांवरून जगाला कळले होते. त्यामुळे आज ना उद्या अमेरिकी हेरांवरही अशीच पाळी येईल, असे सुरुवातीपासून बोलले जात होते. एप्रिल २०२५ मध्ये ते घडले. हार्बिन येथे फेब्रुवारीत झालेल्या आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांवर सायबर हल्ले केल्याच्या आरोपावरून तेथील पोलिसांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या तीन कथित अधिकाऱ्यांची नावे जाहीर केली आणि त्यांच्याविषयी माहिती देणाऱ्यास बक्षीस देऊ केले.